वरच्या साहेबांचे पर्याय

आमच्या वरच्या मजल्यावरच्या साहेबांनी जन्मात एकही काम समोर पर्याय मांडल्याशिवाय केलेलं नाही. मरण आलं तरी ते त्याला दारात उभं करून विचारतील, तुमच्याकडे काय काय आहे, आणि यादी वाचून होईपर्यंत आत घेणार नाहीत. हे मी त्यांच्या तोंडावर बोलले आहे. त्यांना राग आला नाही. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "काकू, त्या यादीत पहिला पर्याय कोणता असेल, ते महत्त्वाचं." तेव्हा मी हसले होते. आता ते वाक्य आठवलं की अंगावर काटा येतो, आणि मी काही उठसूट काटा येणाऱ्यातली बाई नाही.

क्षिप्रेकाठच्या या हिंदी मुलखात, नानाखेड्याला बस अड्ड्याच्या मागे आमचं दुमजली घर आहे. खाली मी, माझी सून आणि आमचा डब्यांचा धंदा; मुलगा नोकरीला बाहेरगावी. वर भाड्याने साहेब आणि त्यांची थोरली बहीण अक्का. साहेब सरकारी कचेरीत आकडेवारीचं काम करून निवृत्त झालेले. उंच, पुढे वाकलेले, बारा महिने अंगात बिनबाह्यांचा स्वेटर. मे महिन्यात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं तेव्हासुद्धा स्वेटर. का, तर थंडी वाजली की शोधत बसायला नको, घातलेलाच असला तर प्रश्न मिटला. लग्न केलं नाही. अक्का म्हणायच्या, "करणार होता गं, पण स्थळांची यादी पुरी झाली नव्हती." आमचा दूधवाला त्यांच्या दुधाला "ऊपरवाले का आधा लीटर" म्हणतो. कधी दूध नको असलं की खालून ओरडतो, "अम्माजी, आज ऊपरवाले ने मना किया है," आणि रस्त्याने जाणारी माणसं दचकून वर आभाळाकडे बघतात.

त्यांच्या घरी कोणी गेलं की पाणीसुद्धा सरळ मिळत नाही. "माठातलं, फ्रिजमधलं, की कोमट?" तुम्ही म्हणालात, कुठलंही द्या, की संपलं. साहेब पेला हातात धरून उभेच राहतात. कुठलंही हा पर्याय नसतो त्यांच्याकडे. एकदा सकाळी टावर चौकात पोहे खायला गेले, मी औषधाच्या दुकानाशी उभी होते. गाडीवाल्याला विचारतात, "क्या-क्या विकल्प हैं?" गाडीवाल्याने कढईत झारा फिरवत सांगितलं, "बाबूजी, पोहे हैं। और फिर पोहे हैं।" साहेब बराच वेळ उभे राहिले, मग खूश होऊन म्हणाले, "दूसरा वाला दे दो।" गाडीवाल्याने दिले. साहेब मला म्हणाले, "बघा काकू, नीट विचारलं की मिळतं."

सगळ्यात त्यांना चीड होती ती 'इतर' या शब्दाची. सरकारी कागदावर शेवटी असतं ना, यांपैकी नसल्यास इतर, ते बघितलं की त्यांचं तोंड आंबट होई. "इतर म्हणजे कचराकुंडी आहे, काकू. माणसाला विचार करायचा आळस आला की तिथे टाकतो. मी तीस-पस्तीस वर्षं लोकांचं इतर उपसलंय." इथल्या मराठी लोकांच्या गणेशोत्सवात जेवणाच्या पंगतीसाठी यांनी फोनवरचा फॉर्म केला होता. त्यात यजमानांशी नातं निवडायचं होतं आणि इतर नव्हतंच. एक जाडजूड विहीणबाई आल्या. त्यांचं नातं यादीत नव्हतं, म्हणून त्यांनी जे जवळचं वाटलं ते दाबलं, आणि त्यांच्या पानाशी 'नातू' अशी चिठ्ठी आली. शेजारी छोटा लाडू ठेवलेला. बाईंनी लाडू खाल्ला आणि यजमानांशी महिनाभर बोलल्या नाहीत.

हे फॉर्म साहेब एका भाषेतून करतात. भाषा म्हणजे मराठी-हिंदीसारखी नाही. कॉम्प्युटरला हुकूम द्यायची, आकड्यांसाठी केलेली. तिचं नाव काय विचारलं तर म्हणाले, आर. मी म्हटलं, पुढे? पुढे काही नाही, एवढंच. भाषेचं नाव एका अक्षरात उरकणारे लोक कसे असतील, मला कळत नाही. पण या आरमुळेच आमचा धंदा सुधारला, हेही खरं. आधी लोक फोनवर हाताने लिहून पाठवत, उद्या कोणती भाजी हवी. आपल्या गावात प्रत्येक भाजीला दोन नावं. कोणी लिहिणार गिलकी, कोणी घोसाळी. कोणी दुधी, कोणी लौकी. एका सकाळी सुनेने सगळं वाचून मला सहा भाज्या सांगितल्या. मी सहा भाज्यांच्या हिशेबाने पिशव्या भरून आणल्या आणि घरी येऊन बघते तो सगळं मिळून तीनच. दोन दिवस आम्ही दुधीच खात होतो. साहेब जिन्यावरून उतरताना पिशव्या बघून थांबले. "काकू, लोकांच्या हातात लिहिणं ठेवूच नका. त्यांना निवडू द्या."

मग त्यांनी एक तक्ता केला. एका ओळीत एक डबा: नाव, भाजी, पोळ्या किती, भात कसा. आणि आपल्या त्या भाषेला सांगितलं, तक्ता वाच आणि फॉर्म तू कर. ती भाषा तक्त्यातून प्रत्येक वेगळं नाव उचलते, प्रत्येक वेगळी भाजी उचलते, आणि त्यांच्या याद्या करून फोनवर मांडते. बाण दाबला की यादी खाली उघडते, त्यातलं एक बोट लावून निवडायचं, शेवटी 'पाठवा' दाबायचं. साहेब स्वतः यादीत एक अक्षर लिहीत नाहीत. "मी फॉर्म करत नाही काकू, तक्ता करतो. तक्त्यात जे कधीतरी येऊन गेलंय तेच यादीत येणार. जे घडलंच नाही, ते निवडता येत नाही." हे ते कौतुकाने सांगत. मला तेव्हाही ते ऐकून कसंसंच झालं होतं.

तक्त्याची पहिली ओळ अक्कांची होती. कारण फॉर्म चालतो की नाही ते बघायला घरात दुसरं कोण होतं? अक्का खिडकीशी खुर्चीत बसलेल्या, मी वर अळूची पानं द्यायला गेलेली. आमच्या मागच्या नळाखाली अळू माजतो. घसा खवखवतो म्हणून गिऱ्हाइकं खात नाहीत, अक्का मात्र आवडीने खात. साहेब वही घेतल्यासारखा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले.

"अक्का, भाजी?"

"अळू."

"पोळ्या?"

"अर्धी."

"अर्धी असं नसतं, अक्का. एक की दोन?"

"अर्धी. माझ्या पोटाला विचार, तुझ्या यंत्राला नको."

त्यांनी अर्धी लिहिलं. "भात?"

"आसट. आणि ताक."

"ताकाचा रकाना नाही."

"मग कर."

"तक्ता मोडेल, अक्का. भाजी, पोळी, भात, यांत बसतं का बघ."

"ताक भाजीत बसवू? काकू, ऐकलंस? माझ्या भावाच्या राज्यात ताकाला जागा नाही." अक्का माझ्याकडे बघून हसल्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या, मला अगंतुगं करत. साहेबांना पोरवयापासून त्यांनीच वाढवलेलं. जगात ही एकच बाई अशी होती की जी साहेबांच्या यादीतलं कधी निवडायचीच नाही. चहा की कॉफी? ताक. खिडकी उघडू की पंखा लावू? गप्प बस. आणि साहेब, जे दुसऱ्या कोणाचं ऐकून घेत नसत, ते अक्कांसमोर पेला हातात घेऊन तसेच हसत उभे राहत.

अक्कांची एक खोड होती. डबा कधी रिकामा परत करायच्या नाहीत. घासून, पुसून, तळाला चिमूटभर साखर टाकून झाकण लावायच्या. मी म्हणे, "अक्का, मुंग्या येतात." त्या म्हणत, "मुंग्यांनी काय तुझं घोडं मारलंय?"

त्यांचं दुखणं वाढलं तेव्हा एकदा मला एकटीला बोलावून म्हणाल्या, "मी गेल्यावर याला जेवायला खाली बोलावू नकोस, तो ताटावर बसून यादी मागेल. त्याचा डबा लाव. पण तो जेवला की नाही, ते बघ. तो विसरतो. मी समोर बसले तरच जेवतो हा." मी हो म्हटलं. रडले-बिडले नाही. हो म्हटलं म्हणजे करायचं, एवढंच मला कळतं.

अक्का गेल्या. साहेबांनी सगळं रीतीप्रमाणे केलं. क्षिप्रेवर गेले, गुरुजींना पिंडाचेही पर्याय विचारले. गुरुजी चिडले नाहीत, त्यांनी तोंड फिरवलं. तेरावं झाल्यावर साहेब लॅपटॉप घेऊन खाली आले आणि माझ्यासमोर बसून अक्कांच्या सगळ्या ओळी तक्त्यातून खोडल्या. एकेक करून नाही, एकदम. म्हणाले, "नियमाने खोडायलाच हव्यात." मग आपला एकाचा डबा लावून वर निघून गेले. पहिले काही दिवस डबे रिकामे परत आले. मला बरं वाटलं. माणूस जेवतोय.

मग एका सकाळी सून फोन घेऊन ओट्याशी आली. ती रोज मला वाचून दाखवते, मी मळता मळता ऐकते. त्या दिवशी ती मध्येच थांबली.

"आई, अक्कांच्या नावाने डबा मागवलाय."

"कोणाच्या?"

"अक्कांच्या. अळू, अर्धी पोळी, आसट भात." तिने फोन माझ्यापुढे धरला. "आई, मला तर घबराहट होतेय."

मी हात पुसून फोन बघितला. मराठी मला वाचता येतं. तसंच लिहिलेलं होतं. आणि त्याच्याखाली साहेबांचा रोजचा डबा वेगळा. मला वाटलं, दुःखात माणूस काहीही करतो, यांनीच पाठवलं असेल. वर गेले. साहेब खिडकीशी उभे होते, अक्कांची खुर्ची बाजूला. मी विचारलं, "हे काय हो?" त्यांनी फोन घेतला, वाचला, आणि त्यांच्या तोंडावरचा रंग हळूहळू उतरताना मी बघितला. "मी नाही पाठवलं, काकू. देवाशपथ." मग फोन परत देत म्हणाले, "पण आलंय. तर द्यावा लागेल ना?"

आता सांगा, काय करायचं? मी अळू चिरला. अर्धी पोळी लाटता येत नाही, पूर्ण लाटून मोडावी लागते. उरलेली अर्धी हातात राहिली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की स्वयंपाकघरात कोणीतरी उभं आहे. मी मागे वळून बघितलं नाही. उरलेली अर्धी खाऊन टाकली.

संध्याकाळी दोन्ही डबे खाली आले. अक्कांचा रिकामा, घासलेला. झाकण उघडलं तर तळाला चिमूटभर साखर. साहेबांचा जसा गेला तसा, भरलेला.

हे मग मधूनमधून होऊ लागलं. रोज नाही. दोन दिवस काही नाही, मग एकदम अक्का. तसंच, अळू, अर्धी, आसट. त्यात कधी बदल नाही, आणि खरं सांगायचं तर भीती त्याचीच वाटे. माणूस जिवंत असता तर एखाद्या दिवशी मेथी मागितली असती. सून संध्याकाळनंतर जिन्याखालचा दिवा एकटीने लावायला जाईना. डबे न्यायला येणारा रिक्षावाला म्हणाला, "अम्माजी, वो वाला डब्बा मैं हाथ नहीं लगाऊँगा, आप ही ऊपर दे आओ।" मग मीच देऊन येई. दार उघडंच असे. साहेब टेबलाशी बसलेले, समोर अक्कांची खुर्ची ओढलेली, दोन पेले पाण्याचे. एक माठातलं, एक कोमट. मी डबा ठेवला की ते मान हलवत. बस अड्ड्यावरून गाड्यांचे भोंगे चालू असत, खाली रस्ता वाहत असे, आणि त्या खोलीत असं वाटे की सगळे कशाची तरी वाट बघताहेत, त्यांत मीही आलेच.

अक्कांचा डबा येई त्या दिवशी साहेबांचा भरलेला परत येई. पुढे पुढे अक्कांचा आला नाही त्या दिवशीही भरलेलाच येऊ लागला. स्वेटर अंगावर टांगल्यासारखा दिसायला लागला. मी म्हटलं, "साहेब, जेवत का नाही?" तर म्हणाले, "आज ती येईल बहुतेक. आली की बसतो." मी अक्कांना हो म्हटलं होतं. मला भुताची भीती वाटली नाही असं नाही, पण त्याहून जास्त त्या हो म्हटल्याची वाटत होती. माणूस माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर, माझ्या डब्यासमोर बसून उपाशी वाळत होता.

आमच्याकडे एक नवा डबा होता, रेल्वेतून निवृत्त झालेल्या एका गार्डबाबांचा. फ्रीगंजच्या बाजूला एकटे राहतात. साखरेचं दुखणं, जेवणाआधी सुई टोचून घेतात. अक्का गेल्यावर लावलेला डबा. साहेबांनीच त्यांचं नाव तक्त्यात घातलं होतं. ते मधूनच एखादा दिवस डबा मागवत नसत. मला वाटे, मुलीकडे रतलामला जात असतील. एके दुपारी त्यांच्या शेजारणीचा फोन आला. बाबा सुई टोचून डब्याची वाट बघत बसले, डबा आला नाही, आणि चक्कर येऊन खुर्चीतून खाली पडले. तिने साखरेचं पाणी पाजलं म्हणून उठले.

मी डबा भरून स्वतः गेले. बाबा पलंगावर बसलेले, कपाळाला खोक. मी म्हटलं, "बाबूजी, आपने आज डब्बा मँगाया ही नहीं था।"

"मँगाया था, भाभीजी। हर बार मँगाता हूँ। कभी आता है, कभी नहीं आता। मुझे लगा आप नाराज़ हो।"

"मैं क्यों नाराज़ होऊँगी?"

"मैंने आपकी दाल को पतली कह दिया था ना।"

मी त्यांना म्हटलं, कसं मागवता ते मला दाखवा. त्यांनी फोन घेतला. हात असा थरथरत होता की फोन दोनदा गादीवर पडला. फॉर्म उघडला. नावाच्या बाणावर बोट न्यायचं होतं, ते घसरलं आणि थेट खालच्या 'पाठवा'वर पडलं. "देखो, चला गया," ते आनंदाने म्हणाले. मी 'पाठवा'च्या वरचे रकाने बघितले. त्यांनी काहीच निवडलेलं नव्हतं, तरी प्रत्येक यादीच्या तोंडाशी काहीतरी आधीपासून बसलेलं होतंच. नाव अक्का. भाजी अळू. पोळी अर्धी. भात आसट. ज्या दिवशी बाबांचा हात स्थिर, त्या दिवशी बाबा जेवत. ज्या दिवशी हात थरथरे, त्या दिवशी अक्का.

मी रिक्षाने घरी आले, चपला न काढता वर गेले आणि सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, साहेब चकित होतील. ते चकित झाले नाहीत. खाली मान घालून बसले. मग मला कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"पहिल्याच दिवशी कळलं, काकू. म्हणजे तुम्ही खाली गेल्यावर." ते खुर्चीकडे बघत बोलत होते. "ओळ खोडली तरी नाव राहतं. या भाषेची सवयच आहे. एकदा ओळखलेलं नाव ती आपणहून विसरत नाही. विसर म्हणून वेगळं सांगावं लागतं. आणि पहिली ओळ तिची, म्हणून प्रत्येक यादीत पहिलं तिचं. कोणी न निवडता दाबलं, की ती जाते."

"आणि साखर?"

"मीच टाकायचो. डबाही मीच खायचो. तिचा डबा घशाखाली उतरत होता, काकू. माझा नाही उतरत."

"मग एवढं कळत होतं तर दुरुस्त का नाही केलं?"

"केलं असतं तर ती आली नसती."

असं बोलल्यावर दुसरी एखादी बाई रडली असती. मला राग आला होता. मी म्हटलं, "साहेब, तो कोणाचा तरी डबा होता. तुमच्या अक्कांनी जन्मात कधी दुसऱ्याच्या ताटातलं खाल्लं का? आज एक म्हातारा उपाशीपोटी सुई टोचून जमिनीवर पडला, आणि त्याचा डबा त्यांच्या नावावर लागला. त्यांना हे विचारलं असतंत का? दोन पर्याय देऊन?"

 साहेबांनी उठून कोमट पाण्याचा पेला मोरीत ओतला. मग लॅपटॉप आणला आणि म्हणाले, "तुम्ही बसा इथे." मी बसले. अक्कांच्याच खुर्चीत, दुसरी नव्हती. भर दुपार होती, खिडकीतून ऊन थेट मांडीवर येत होतं, आणि माझे पाय गार पडले होते. त्यांनी एक ओळ लिहिली, अगदी लहान. विसर म्हणून सांगायला एवढंच लागतं. बोट बटणावर ठेवून तसेच राहिले. मी घाई केली नाही. मग दाबलं. याद्या एकेका नावाने आखूड झाल्या. अळू गेला, अर्धी गेली. वरच्या जागी त्यांनी 'निवडा' असं लिहिलं, आणि निवडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही अशी सोय केली. गार्डबाबांसाठी बटणं मोठी केली. हे सगळं झालं आणि मी उठणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांबा." आणि प्रत्येक यादीच्या तळाशी, आपल्या हाताने, एक शब्द घातला. इतर. त्याच्यापुढे लिहायला रिकामी चौकट.

मी म्हटलं, "ही कचराकुंडी कशाला?"

"तक्त्यात नसलेलं कोणी मागितलं तर," ते म्हणाले. "आधीच करायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कणीक मळत होते. सून वाचत होती. गार्डबाबांचा डबा नीट आला होता. मग ती थांबली. तिच्या थांबण्यावरूनच मला कळलं.

"आई, एक इतर आलंय. नाव इतर. भाजी इतर."

"चौकटीत काय लिहिलंय?"

"ताक."

मी तिला म्हटलं, वर जाऊन साहेबांना हाक मार. ती जाईना, म्हणून खालूनच ओरडले. साहेब उतरले, जिन्याच्या वळणावर थांबले, मग ओट्याशी येऊन फोन बघितला. मी म्हटलं, "तुम्ही?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली. मी सुनेकडे बघितलं. ती रडायच्या बेतात. गार्डबाबांना नंतर विचारलं तर म्हणाले, "छाछ? भाभीजी, मुझे तो सर्दी है।" आमच्या गिऱ्हाइकांत बहुतेक जण छाछ म्हणणारे, नाहीतर मट्ठा. ताक म्हणणारी दोन-तीन घरं आहेत; तिथेही विचारलं. कोणी नाही.

"कोणाच्या फोनवरून आलं, ते कळत नाही का?" मी साहेबांना विचारलं.

"कळेल असं करता येतं. मी केलेलं नाही."

"मग करा."

त्यांनी फोन ओट्यावर पालथा ठेवला. "नको," म्हणाले. मग, माझ्याशी की कोणाशी कोण जाणे, "ताकाचा रकाना नाही म्हणून सांगितलं होतं मी." आणि आमच्या स्वयंपाकघरातल्या पाटावर बसले. न विचारता. यादी न मागता. मी ताट वाढलं. दोन पोळ्या, दुधीची भाजी, वरणभात. सगळं जेवले. मी समोर बसून होते. मला कोणी तसं करायला सांगितलं नव्हतं; म्हणजे, सांगितलं होतं.

त्या दिवशी मी दही घुसळून ताक केलं. मागितलेलं आहे तर द्यायला हवं. तांब्या भरून जिन्याच्या वळणावर ठेवला, कारण वर न्यायचा की नाही ते मला ठरवता येईना. तेव्हापासून ठेवतेच. मागणी पुन्हा आलेली नाही. साहेब आता खाली जेवतात, स्वेटर अंगाला बसायला लागलाय, पाणी मात्र अजून विचारूनच देतात. संध्याकाळी दिवा लावायला जाते तेव्हा तांब्या रिकामा असतो. साहेबच पीत असणार, दुसरं कोण पिणार? मी विचारलेलं नाही. तांब्या घासलेला असतो, पालथा घालण्याआधी मी आत बोट फिरवून बघते. साखर असते.